गणिताचा पदवीधर आणि समाजाचा हिशेब

विद्यापीठांचे निकाल लागले, की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून मार्गदर्शनपर लेखांचा हंगाम सुरू होतो. गणित घेऊन बी. एस्सी. झालेल्यांसाठी त्यांत एक ठरावीक यादी असते. विमागणिती व्हा, विदाशास्त्राचा अभ्यासक्रम करा, बँकेच्या परीक्षा द्या, संगणकाच्या भाषा शिका, संशोधनाकडे वळा आणि यांपैकी काहीच जमले नाही तर बी. एड. करून शिक्षक व्हा. ही यादी खोटी नसते. यांतील प्रत्येक वाटेने कोणी ना कोणी गेलेले असतेच. परंतु वाट आहे एवढे सांगून मार्गदर्शकाचे काम संपत नाही. त्या वाटेवर पाय ठेवण्यासाठी खर्च किती येतो, तेथे जागा किती जणांना आहे आणि वाटेच्या टोकाला काय आहे, हेही सांगावे लागते. ते सहसा सांगितले जात नाही, कारण ते सांगू लागले की प्रश्न व्यक्तीच्या निवडीचा राहत नाही, तो समाजाच्या रचनेचा होतो.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालात एक आकडा आहे. २०२१-२२ मध्ये पंचविशीच्या आतील पदवीधरांपैकी ४२ टक्क्यांहून अधिक बेकार होते. त्याच अहवालात असेही दिसते, की पदवीधरांचे वय पस्तिशीपुढे गेल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येते. पहिला आकडा वाचून हळहळणारे दुसरा आकडा वाचून निश्चिंत होतात. शेवटी सर्वांना काही ना काही मिळते, असा त्यांचा निष्कर्ष. पण ते 'काही ना काही' म्हणजे काय, आणि त्यासाठी आयुष्याची उमेदीची दहा वर्षे कोठे गेली, हाच तर खरा प्रश्न आहे. बेकारीच्या कोष्टकातून नाव उतरले म्हणजे शिक्षणाचे चीज झाले असे नव्हे.

या प्रश्नाचा विचार हवेत करून चालणार नाही. मराठवाड्यातील किंवा खानदेशातील तालुक्याच्या गावचे एखादे महाविद्यालय डोळ्यांपुढे आणावे. तेथे गणित घेणारी मुलगी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली असते. घरी चार एकर कोरडवाहू जमीन. अभियांत्रिकीचे शुल्क परवडले नाही, म्हणून ती विज्ञान शाखेकडे आली. आणि गणित आवडले, म्हणून गणिताकडे. महाराष्ट्रात १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले गेले, तेव्हापासून गणितात गती आणि घरी पैसा ही दोन्ही ज्यांच्यापाशी आहेत, ती मुले बहुधा तिकडे जातात. मागे राहतात ती गती असलेली आणि पैसा नसलेली. तीन वर्षे ही मुलगी इंग्रजी पुस्तकांशी झुंजत कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, गटसिद्धांत शिकते. पुढे तिने कोठे जावे?

शिक्षकाची वाट

महाराष्ट्रात गणिताच्या पदवीधराची पहिली प्रतिष्ठित वाट शिक्षकाचीच होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी शिकवलेल्या पिढीतून टिळक आले आणि १८८० मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गणित शिकवू लागले. गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले आणि परत येऊन फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. या परंपरेचा उल्लेख समारंभांतून नेहमी होतो. परंतु ही माणसे ज्या वाटेने गेली, त्या वाटेची आजची अवस्था काय आहे, याचा उल्लेख त्या समारंभांत होत नाही.

आज माध्यमिक शाळेत गणित शिकवू इच्छिणाऱ्याला पदवीची तीन वर्षे आणि बी. एड. ची दोन वर्षे द्यावी लागतात. उच्च प्राथमिक वर्गांवर जायचे, तर २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आहे. त्यानंतर अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरील निवड. ही चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. म्हणजे २०१८ साली बी. एड. होऊन बाहेर पडलेल्या तरुणाला केवळ परीक्षेला बसण्यासाठी पाच वर्षे थांबावे लागले. दरम्यान पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार २०२१ मध्ये उघडकीस आला, तेव्हा प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्यांच्या प्रमाणपत्रावरही संशयाची छाया पडली. इतके करून निवड झालीच, तर पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर काढावयाची. हे मानधन २०२३ मध्ये वाढवण्यात आले, तेव्हा माध्यमिक शिक्षणसेवकासाठी ते दरमहा १८,००० रुपये झाले. त्यापूर्वी ते ८,००० रुपये होते. आणि याच वर्षीच्या जुलैमध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना मानधनावर नेमण्याचे परिपत्रक निघाले. तरुण पात्र उमेदवार प्रतीक्षेत आणि शाळेत पुन्हा निवृत्त गुरुजी, ही व्यवस्था काटकसरीची खरी, पण काटकसर नेमकी कशाची, हे विचारावे लागेल.

वरिष्ठ महाविद्यालयांची स्थिती याहून वेगळी नाही. प्राध्यापक होण्यासाठी एम. एस्सी. आणि नेट किंवा सेट आवश्यक. नेट परीक्षा १९८९ मध्ये सुरू झाली, त्यामागे गुणवत्तेचा हेतू होता. आज ती उत्तीर्ण झालेली मंडळी 'तासिका तत्त्वावर' शिकवतात. तास घेतला तर पैसे. सुट्टी लागली, परीक्षा आल्या, तास बुडाला, तर पैसे नाहीत. कारखान्यातील बदली कामगाराला जी अनिश्चितता भोगावी लागे, ती आज विद्यापीठाच्या वर्गात फळ्यापुढे उभी आहे. एकाच दिवशी दोन गावांच्या दोन महाविद्यालयांत एस. टी. ने जाऊन तास घेणारा गणिताचा अध्यापक विद्यार्थ्याला आपल्या विषयाचे भविष्य काय सांगणार? विद्यार्थी त्याचे शब्द ऐकत नाहीत, त्याची स्थिती पाहतात.

राहिली खाजगी शिकवण्यांची वाट. गणिताच्या पदवीधरांना प्रत्यक्षात सर्वाधिक तत्परतेने काम देणारा धंदा बहुधा हाच. प्रवेशपरीक्षांच्या बाजारात गणिताला भाव आहे, यात शंका नाही. परंतु हा भाव शिकवणाऱ्याच्या ज्ञानाला नसून पालकाच्या ऐपतीला आहे. तेथे नव्याने लागणारा पदवीधर बहुधा शंका सोडवणारा, उत्तरपत्रिका तपासणारा असतो. ज्या मुलांना गणित समजावून देणारा कोणीच नाही, त्यांच्यापर्यंत तो त्या नोकरीतून कधीच पोहोचत नाही.

आता दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवाव्यात. 'असर' या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी साधा भागाकार करू शकणारी मुले ३०.७ टक्के आहेत. २०२२ मध्ये हे प्रमाण २५.६ टक्के होते. सुधारणा आहे, तिची नोंद घ्यावी. तरीही दहांपैकी सुमारे सात मुले अद्याप त्या पायरीखाली आहेत. एकीकडे भागाकार न येणारी मुले, दुसरीकडे गटसिद्धांत शिकून घरी बसलेले पदवीधर. एका बाजूस गरज आहे, दुसऱ्या बाजूस ती गरज भागवणारे हात आहेत, आणि दोहोंची गाठ पडत नाही. याला गणिताच्या पदवीधरांचा सुकाळ म्हणता येणार नाही. समाजाला जे हवे आहे त्यासाठी खर्च करण्याची राज्यकर्त्यांची तयारी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

विमा, बँक, संगणक

यादीतील इतर वाटांकडे वळावे. विमागणिती, म्हणजे ज्यांना ॲक्च्युअरी म्हणतात, त्यांचे काम खरोखर उच्च दर्जाचे आणि गणिताच्या अभ्यासाला साजेसे आहे. माणसाच्या आयुर्मर्यादेची शक्यता, हप्त्याची रक्कम, निवृत्तिवेतनाच्या निधीचा भविष्यातील भार, यांचा अंदाज तो बांधतो. १९५६ मध्ये २४५ विमाकंपन्या व संस्था एकत्र करून आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हा हे शास्त्र लोकांच्या बचतीच्या सेवेत यावे, हाच हेतू होता. पण या व्यवसायात पूर्ण अर्हता मिळवण्यासाठी डझनभराहून अधिक परीक्षा आहेत. त्या इंग्रजीतून, स्वतःच्या खर्चाने आणि अनेक वर्षे देत राहाव्या लागतात. नोकऱ्या मुंबईसारख्या मोजक्या शहरांत. ज्या घराला मुलाच्या पहिल्या पगाराची वाट पाहणे परवडते, त्याच घरातील मुलाची ही वाट आहे. गुणवत्तेची चाळणी लागण्यापूर्वीच ऐपतीची चाळणी लागून गेलेली असते.

बँकांच्या परीक्षा सर्वांना खुल्या आहेत. १९६९ मध्ये १४ आणि १९८० मध्ये आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्यानंतर ग्रामीण शाखा वाढल्या आणि सामान्य घरांतील हजारो पदवीधरांना स्थिर नोकरी मिळाली. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु या परीक्षांत जे गणित विचारतात ते शाळेतले आहे: टक्केवारी, सरासरी, काळ-काम-वेग. ते वेगाने सोडवण्याचा सराव हवा, एवढेच. त्यासाठी तीन वर्षे गणिताची पदवी घेण्याचे कारण नव्हते, आणि अभियंते, कृषिपदवीधर, कलापदवीधर सारेच त्याच रांगेत उभे आहेत. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी पुण्याच्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसणाऱ्या तरुणांची कहाणी निराळी नाही. थोड्या जागांसाठी लाखोंनी तेच पाठांतर पुनःपुन्हा करावे, ही राष्ट्रीय बुद्धीची किती मोठी उधळपट्टी आहे, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

संगणकाच्या क्षेत्राबद्दल बोलताना अधिक काळजी घेतली पाहिजे. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, तिचा पाया गणिताचाच आहे. रेषीय बीजगणित, संभाव्यता, कलनशास्त्र यांवाचून ती उभी राहत नाही. तेव्हा गणिताच्या पदवीधराला येथे भवितव्य आहे, असे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. परंतु त्या पायाचे काम करणारे थोडे, आणि ते बहुधा भारतीय सांख्यिकी संस्था, आय. आय. टी. यांसारख्या ठिकाणांहून आलेले. तालुक्याच्या महाविद्यालयातील पदवीधर या उद्योगात शिरतो तो चाचणी, देखभाल, माहितीची नोंद यांसारख्या खालच्या पायरीवर. आणि नवी यंत्रे सर्वप्रथम ज्या कामांवर घाला घालू पाहत आहेत ती नेमकी हीच कामे आहेत. महागडा, अल्पमुदतीचा 'विदाशास्त्रा'चा अभ्यासक्रम कर्ज काढून करा, असा सल्ला देणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे.

संशोधनाची वाट अरुंद असली तरी ती बंद नाही, हे मात्र आवर्जून सांगावयास हवे. टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ पासून आहे. १९८३ मध्ये राष्ट्रीय उच्च गणित मंडळ स्थापन झाले. ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देते. पुण्यात १९७६ मध्ये श्रीराम अभ्यंकरांनी भास्कराचार्य प्रतिष्ठान उभारले, २००६ मध्ये तेथेच आयसर आली. १९९३ पासून चालत आलेल्या 'एम. टी. टी. एस.' या उन्हाळी प्रशिक्षणाने लहान गावांतील कित्येक विद्यार्थ्यांना खरे गणित काय असते ते दाखवले. या सर्व संस्था सार्वजनिक पैशावर किंवा सार्वजनिक वृत्तीच्या माणसांवर उभ्या आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अडचण एवढीच, की त्या मुलीपर्यंत ही माहिती पोहोचवणारा कायम अध्यापक तिच्या महाविद्यालयात उरलेला नाही. आय. आय. टी. च्या एम. एस्सी. प्रवेशासाठी 'जॅम' नावाची परीक्षा असते, हे पुष्कळांना तिची मुदत उलटल्यावर कळते.

मोजण्याचे काम आणि मोजण्याची भीती

मार्गदर्शनाच्या यादीत क्वचितच दिसणारी, परंतु स्वतंत्र भारताने एके काळी मोठ्या आकांक्षेने आखलेली एक वाट होती: सार्वजनिक संख्याशास्त्राची. महालनोबिसांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पां. वा. सुखात्मे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकून लंडनला गेले. परत आल्यावर त्यांनी कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना पद्धतीने काढण्याचे शास्त्र घडवले, आणि १९५१ पासून दोन दशके जागतिक अन्न व कृषी संघटनेत काम केले. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचे मापन मांडले, ते याच पाहण्यांच्या आधारावर. गरिबी किती आहे हे मोजल्याशिवाय गरिबी हटवण्याची भाषा पोकळ राहते, ही त्या पिढीची धारणा होती. १९६१ मध्ये भारतीय सांख्यिकी सेवा निर्माण झाली. तिच्या परीक्षेसाठी पदवीला संख्याशास्त्र हा विषय लागतो, आणि अनेक लहान महाविद्यालयांत तो शिकवण्याची सोय नाही. दार आहे, पण दारापर्यंतची पायरीच नाही, असा हा प्रकार.

त्यापुढील इतिहास अधिक उद्बोधक आहे. २०१७-१८ च्या रोजगार पाहणीचा अहवाल रोखून धरल्यामुळे २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. निवडणुका पार पडल्यावर तो प्रसिद्ध झाला, तेव्हा बेकारीचा दर ६.१ टक्के असल्याचे दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरात कुटुंबांच्या उपभोगखर्चाची पाहणी सरकारने प्रसिद्ध न करण्याचे ठरवले. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता होणारी जनगणना २०२१ मध्ये झाली नाही. अखेर १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरवून २०२५ च्या जूनमध्ये तिची अधिसूचना निघाली. महायुद्धाच्या काळातही ज्या साखळीत खंड पडला नव्हता, ती तुटली. मोजणारी माणसे बेकार आहेत आणि मोजणी लांबणीवर पडली आहे. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी तो पुन्हा तपासावा. ज्या सत्तेला आपल्या कारभाराचे मोजमाप नको असते, तिला मोजणारेही नको असतात.

हा प्रश्न दिल्लीपुरता नाही. पीकविम्याची भरपाई महसूल मंडळातील पीककापणी प्रयोगांवर ठरते. सुखात्म्यांनी घडवलेले शास्त्र येथे शेतकऱ्याच्या दारी येते. परंतु हे प्रयोग करण्याचे काम आधीच दहा कामांखाली दबलेल्या कृषी सहायकावर, तलाठ्यावर, ग्रामसेवकावर टाकलेले असते. नमुना कसा निवडला, वजन कसे केले, यांवर हजारो कुटुंबांचे वर्ष अवलंबून असते. आणि त्यासाठी प्रत्येक तालुक्याला गणित-संख्याशास्त्राचे दोन प्रशिक्षित पदवीधर नेमावेत, हे कोणाला सुचत नाही.

चळवळीचा स्वतःचा दोष

येथे सरकारवर बोट ठेवून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. समतेचा विचार सांगणाऱ्या चळवळींनीही गणिताकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. आकडेमोड हे मालकांचे, सावकारांचे, सरकारी बाबूंचे काम; आपले काम लोकांना जागे करण्याचे, अशी एक समजूत कार्यकर्त्यांत खोलवर रुजली आहे. वस्तुतः या चळवळीच्या पूर्वसूरींची समजूत अशी नव्हती. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, तेव्हा त्या शिक्षणात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचाही समावेश केला होता. त्याआधी सातच वर्षे, १८७५ मध्ये, सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे आणि वह्या जाळल्या होत्या. ज्याला वही वाचता येत नाही त्याला ती जाळावी लागते, हे जोतीरावांनी ओळखले होते.

आजची वही वेगळी आहे, पण तिचे वाचन तितकेच अवघड आहे. एखाद्या बाईला २४,००० रुपयांचे कर्ज 'वार्षिक १२ टक्के' सरळ व्याजाने दोन वर्षांसाठी मिळते. व्याज ५,७६० रुपये, हप्ता दरमहा १,२४०. प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल कमी होत जाते, परंतु व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण २४,००० वर आकारलेले असते. घटत्या मुद्दलावर हिशेब केला, तर हा दर सुमारे साडेएकवीस टक्के पडतो. गावातील किती कार्यकर्ते हा हिशेब करून दाखवू शकतील?

उसाचे उदाहरण घ्यावे. २०२१-२२ च्या हंगामात १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २९० रुपये रास्त व किफायतशीर दर होता. पुढील हंगामात तो ३०५ रुपये झाला आणि १५ रुपयांच्या वाढीच्या बातम्या छापून आल्या. परंतु त्याच वेळी आधारभूत उतारा १०.२५ टक्क्यांवर नेण्यात आला होता, आणि त्याखालील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ५ पैसे कपात होती. म्हणजे १० टक्के उतारा असलेल्या उसाला प्रत्यक्षात २९७ रुपये ३७ पैसे मिळावयाचे. टनामागे जाहीर झालेली वाढ १५० रुपयांची, हाती पडणारी ७४ रुपयांच्या आतबाहेर. हा हिशेब सातवीच्या त्रैराशिकापलीकडचा नाही. तरीही पुष्कळ सभांतून १५ रुपये पुरेसे आहेत की नाहीत यावरच वाद रंगला. ते १५ आहेत का, हे थोड्यांनी विचारले.

जुन्या निवृत्तिवेतनासाठी महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी २०२३ च्या मार्चमध्ये संपावर गेले. योजनेचा तीस-चाळीस वर्षांचा भार किती, हा त्या वादाचा गाभा होता. तो अंदाज बांधणे हे विमागणितीचे काम. सरकारपाशी ते करणारी माणसे असतात. कामगार संघटनांनी असा एक जाणकार पदरी बाळगल्याचे उदाहरण दुर्मिळच. परिणामी वाटाघाटीच्या टेबलावर एका बाजूस कोष्टके असतात आणि दुसऱ्या बाजूस घोषणा. घोषणांना त्यांचे स्थान आहे. पण कोष्टकाला उत्तर कोष्टकानेच द्यावे लागते. दामोदर कोसंबी गणिताचे अध्यापक होते, आणि प्राचीन नाण्यांचे वजन संख्याशास्त्राने तपासता तपासता ते भारतीय समाजाच्या इतिहासाकडे वळले. गणिती आणि समाजचिंतक ही दोन निराळी माणसे असावी लागतात, हा नियम महाराष्ट्राला तरी लागू नसावा.

आक्षेप आणि उत्तर

सरकारने सर्वच पदवीधरांना नोकऱ्या द्याव्यात काय, हा आक्षेप येथे येणारच. उत्तर असे, की येथे मागणी नोकऱ्यांची नसून कामाची आहे. काम पडलेले आहे. ते करणारी माणसे तयार आहेत. त्यांच्या शिक्षणावर समाजाने आधीच खर्च केला आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना उभी केली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा केला, तेव्हा पैसा कोठून येणार, हाच प्रश्न विचारला गेला होता. राज्याने त्यासाठी व्यवसायकर बसवला आणि मार्ग निघाला. हातांच्या श्रमाला जी हमी एका गरीब राज्याने दिली, तिचा विचार बुद्धीच्या श्रमाबाबत करण्यास आज हे राज्य अधिक श्रीमंत असूनही कचरते.

दुसरा आक्षेप अधिक गोड शब्दांत येतो. खरी प्रतिभा असेल तर ती कोठूनही वर येते. रामानुजन पाहा, कापरेकर पाहा. अवश्य पाहावे, पण नीट पाहावे. रामानुजन महाविद्यालयीन परीक्षेत नापास झाले, १९१२ मध्ये मद्रास बंदरात तीस रुपयांवर कारकून राहिले, आणि १९१३ मध्ये विद्यापीठाने दरमहा ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा त्यांना मोकळेपणी काम करता आले. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ६१७४ या संख्येचे वैशिष्ट्य त्यांनी त्याच काळात शोधले, आणि जगाचे लक्ष १९७५ च्या सुमारास तिकडे गेले. बत्तीस वर्षे एका शाळेत टिकणारी नोकरी होती, म्हणून संध्याकाळचे तास संख्यांसाठी मोकळे राहिले. आज तासिकेवर दोन गावांत धावणाऱ्या शिक्षकाकडून तीच अपेक्षा करणे म्हणजे उपहास आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? मंजूर असलेली गणित व विज्ञान शिक्षकांची पदे किती आणि भरलेली किती, याची तालुकावार माहिती माहितीच्या अधिकारात मागवून ती गावात वाचून दाखवावी. तासिका तत्त्व रद्द करून नियमित नेमणुकांची मागणी विद्यार्थी आणि अध्यापक यांनी एकत्र करावी. ती प्राध्यापकांच्या पगाराची नव्हे, विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची मागणी आहे, हे स्पष्ट करावे. प्रत्येक जिल्हा सांख्यिकी कार्यालयाकडे पीककापणी, शाळापाहणी आणि रोजगार यांसाठी प्रशिक्षित पदवीधरांचा ताफा असावा, ही मागणी जाहीरनाम्यात यावी. पदवीच्या गणिताबरोबर संख्याशास्त्र शिकण्याची सोय आणि मराठीतून चांगली पाठ्यपुस्तके, यांसाठी विद्यापीठांच्या अधिसभांत आग्रह धरावा. आणि सरकारची वाट न पाहता, पक्षाच्या प्रत्येक जिल्हा कार्यालयात गणित शिकलेल्या दोन-तीन तरुणांचे एक हिशेबमंडळ आजच सुरू करावे. कर्जाचा हप्ता, उसाचा दर, विम्याची भरपाई, रोजगार हमीच्या कामाचे मोजमाप हे ज्याला तपासून घ्यावयाचे असेल, त्याने तेथे यावे. त्या तरुणांना योग्य मानधन द्यावे. फुकट राबवून घेण्याचा दोष सरकारपुरता राहू द्यावा.

गणिताच्या पदवीधराने कोणती वाट धरावी, या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीला एकटीने शोधावे लागू नये. ती बँकेत गेली, संगणकाकडे गेली, संशोधनाकडे गेली, तर तिचे स्वागतच आहे. पण तिला आपल्याच गावच्या शाळेत भागाकार शिकवावासा वाटला, तर तेवढ्यासाठी तिला दहा वर्षे रांगेत उभे राहावे लागू नये.